मकोलाच्या बाजारात

काय दोस्तांनो, पिशवी घेतलीत ना? आज आपल्याला बाजारात जायचंय. मंडईत नाही हं, थेट पश्चिम आफ्रिकेत! घाना देशाची राजधानी अक्रा. समुद्रकाठचं शहर. बाजाराचं नाव मकोला.

तिथं जायचं तर 'ट्रोट्रो' पकडायची. म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी मिनीबस. ती भरल्याशिवाय हलतच नाही! कंडक्टरला 'मेट' म्हणतात. तो दारात उभा राहून ठिकाणांची नावं ओरडत असतो.

उतरलात की जरा खाली बघून चाला, नाहीतर पाय पडायचा टोमॅटोच्या वाट्यावर. हो, तिथंही टोमॅटो, मिरच्या वाटे लावून विकतात. चवळी, मका मापायला 'ओलोंका' नावाचा डबा असतो. माप भरलं की गिऱ्हाईक म्हणतं, "तो सो!" म्हणजे, "वर थोडं घाला की!" आईची आठवण झाली ना? पैसे द्यायचे 'सेडी'त. हा शब्द आला कवडीवरून. पूर्वी मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या जहाजांतून इकडे यायच्या आणि नाणी म्हणून चालायच्या.

मकोलाच्या खऱ्या मालकिणी म्हणजे इथल्या विक्रेत्या बायका. १९२४ साली हा बाजार उभा राहिला. १९७९ साली महागाई भडकली, तेव्हा लष्करी सरकारनं खापर फोडलं या बायकांवर आणि त्यांचा बाजारच जमीनदोस्त केला. पण बायका हटल्या नाहीत. आसपासच्या रस्त्यांवर त्यांनी पुन्हा टोपल्या मांडल्या. आज तिथं पाय ठेवायला जागा नसते.

आता जरा बाजूला व्हा. मागून डोक्यावर मोठं घमेलं घेतलेली एक मुलगी येतेय. घमेल्यात कुणाचे तरी कांदे, तांदूळ, कापडाचे गठ्ठे. अशा हमाल मुलींना 'कायायेई' म्हणतात. 'काया' म्हणजे हौसा भाषेत ओझं आणि 'येई' म्हणजे गा भाषेत बायका. एका शब्दात दोन भाषा! या मुली बहुतेक उत्तर घानातल्या खेड्यांतून येतात. कुणी शाळेच्या फीसाठी पैसे साठवते, कुणी घरी पाठवते. रात्री कित्येकजणी दुकानांच्या ओसरीवरच झोपतात. काहीजणी तर अगदी तुमच्याच वयाच्या.

मकोलातली गिऱ्हाइकं घासाघीस करतात ती टोमॅटोसाठी आणि हमालीसाठीसुद्धा. टोमॅटोवर 'तो सो' मागणं ठीक आहे. पण उन्हातान्हात मण मण ओझं वाहणाऱ्या मुलीच्या मजुरीतून चार पैसे कापणं?

अशी मुलं फक्त अक्रात असतात असं नाही. स्टँडवर चहाचे ग्लास विसळणारा मुलगा तुम्हीही पाहिला असेल. पुढच्या वेळी त्याला "ए पोऱ्या" म्हणू नका. आधी नाव विचारा. मग "तू शाळेत जातोस का रे?" असं विचारा आणि तो काय म्हणाला, ते घरी आई-बाबांना सांगा.

चला, ट्रोट्रो भरली. परत निघू या!