जात्यावरची ओवी आणि अभ्यासकाचे नीतिभान

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला व्यवसायनीतीचे पाठ संशोधनपद्धतीच्या तासाला दिले जातात. संहिता जशीच्या तशी उतरवावी, सांगणाऱ्याची अनुमती घ्यावी, श्रेय द्यावे, ही सूत्रे विद्यार्थी तोंडपाठ करतो. परंतु त्यांचा अर्थ त्याला उमगतो तो एखाद्या ओसरीवर, ओवी म्हणता म्हणता थांबून बाई ‘हे कुठं छापणार?’ असे विचारते तेव्हाच.

जात्यावरची ओवी सभेसाठी जन्मलेली नाही. पहाटे, घर निजलेले असताना, एकटीने वा दुसरीच्या जोडीने दळताना ती म्हटली जाई. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकीच्या जन्माचे दुःख हे सारे जात्याच्या घरघरीच्या आडोशाने बोलले जाई. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. ओवी स्मरणात उरली व तेथून अभ्यासकाच्या वहीत आली. आडोसा मात्र मागेच राहिला.

पूर्वी अशा ओव्या पुष्कळदा ‘लोक’ या निनावी कर्त्याच्या खात्यावर जमा होत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ त्या गायिकांच्या नावागावांसह प्रसिद्ध करीत आहे. हा न्यायाचाच मार्ग होय. तथापि येथेच दोन कर्तव्ये समोरासमोर येतात. ओवीतला ‘मी’ परंपरेचाही असतो, हे अभ्यासक जाणतो. गावातला वाचक ते जाणेलच असे नाही. सासूच्या जाचाची ओवी नावासह छापली, तर घरात कलह उभा राहू शकतो. नाव गाळले, तर बाईचे कर्तृत्व हिरावले जाते.

हा पेच कोणतेही पाठ्यपुस्तक सोडवू शकत नाही. तो सोडवण्याचा अधिकार गायिकेचाच आहे. म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वी संपादित संहिता तिला वाचून दाखवणे आणि तिचा नकार मान्य करणे, ही विद्यापीठांनी अट मानावी. याने काही ओव्या अप्रकाशित राहतील, हा आक्षेप खरा आहे. परंतु विश्वासाने सांगितलेले न छापण्याचा संयम हाही विद्वत्तेचाच भाग आहे, आणि तो ओसरीवर बसल्यावाचून अंगी येत नाही.