सही एकदाच, माती दरवर्षी

गांधीजींनी १९३८ साली वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले, ते ग्रामोद्योगासाठी. आज याच जिल्ह्यात माझ्या पडवीत वेल्डिंगचे यंत्र चालते. वायरिंग परवानाधारक ठेकेदारानेच करावे, असा नियम आहे. त्याच्या चाचणी अहवालाशिवाय जोडणी मिळत नाही. माझ्या अहवालावर मात्र तारेला हात न लावताच सही झाली!

आर्थिंगचा खड्डा आमच्या काळ्या मातीत आहे. पावसाळ्यात ती ओलीचिंब असते. मे महिन्यात भेगाळते. कोरडी माती वीज नीट वाहू देत नाही. मग बिघाड झाला तरी फ्यूज उडत नाही आणि यंत्राच्या लोखंडी अंगात वीज खेळत राहते. म्हणून ऐन उन्हाळ्यात आर्थिंग मोजून घ्यावे, खड्ड्यात पाणी घालावे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. कागद फायलीत राहतो. यंत्राला हात लागतो तो घरच्या पोराचा.