विश्लेषण : दिवसभर घरी नसलेल्यांचे शहर

सकाळी अकराच्या सुमारास डोंबिवलीतल्या कुठल्याही गृहसंकुलात डोकावून पाहा. खाली वॉचमन, बाकावर दोन-तीन आजोबा, शाळेच्या बसची वाट पाहणारी एखादी आजी आणि एका इमारतीतली कामे उरकून दुसरीकडे निघालेल्या मावशी. घरून काम करणारे काही सोडले, तर कमावते माणूस औषधालाही सापडत नाही. ही सगळी मंडळी तोपर्यंत ठाण्यापासून ४८ किलोमीटरवरच्या सीएसएमटीपर्यंत विखुरलेली असतात. ती परत येतात रात्री आठ-नऊला, म्हणजे गावातली बहुतेक सरकारी दारे बंद झाल्यावर.

लोकलच्या गर्दीवर आपण भरपूर बोलतो, आणि बोलायलाच हवे. पण उपनगरात राहण्याची एक किंमत गाडीबाहेर मोजावी लागते. आपल्याच गावाचा कारभार चालतो, त्या वेळात आपण गावात नसतो.

घर स्वस्त पडते म्हणजे काय?

गिरगाव, दादर, परळमधल्या चाळींच्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, तशी मराठी कुटुंबे आधी ठाणे, मग डोंबिवली-कल्याण आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरकडे सरकत गेली. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. कल्याण-डोंबिवली महापालिकेची २०११ ची नोंद सुमारे साडेबारा लाखांची आहे. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, त्यामुळे आज या पट्ट्याचे सगळे नियोजन दीड दशकापूर्वीच्या आकड्यांवर उभे आहे.

या सरकण्यामागे मुख्य कारण परवडणारे घर. मात्र ‘परवडते’ हा अर्धाच हिशेब झाला. घर ते स्टेशन रिक्षाची रांग, फलाटावर शिरताच न आल्याने सोडून दिलेली एखादी गाडी, सव्वा तासाचा फास्टचा प्रवास, उतरल्यावर बस किंवा शेअर टॅक्सी. जाऊन-येऊन चार तास धरले, तर महिन्याच्या २५ दिवसांत १०० तास होतात. आठ तासांच्या दिवसाने भागले तर साडेबारा दिवस. गृहकर्जाच्या हप्त्यात हे साडेबारा दिवस कुठेच दिसत नाहीत. बदलापूर तर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. तिथला हिशेब ज्याने त्याने करावा.

बाजाराला कळले, सरकारला का नाही?

या माणसांचे वेळापत्रक बाजाराने केव्हाच पाठ केले आहे. संध्याकाळी स्टेशनबाहेर चिरलेली, निवडलेली भाजी मिळते. पोळी-भाजी केंद्रांची खरी लगबग कार्यालये सुटल्यावर सुरू होते. डॉक्टर रात्री दहापर्यंत दवाखान्यात बसतात, पाळणाघरवाल्या काकूंना साडेसातची गाडी लेट आहे हे आईच्या आधी कळलेले असते. उपनगरांतल्या काही सहकारी बँकांनी सकाळ-संध्याकाळच्या वेळा ठेवल्या, त्या याच गिऱ्हाइकासाठी.

सरकारी घड्याळ मात्र उलट दिशेने फिरले. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कामकाजाची वेळ झाली सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार वगळता इतर शनिवारी तलाठी किंवा तहसील कार्यालय उघडे असे. ज्यांना शनिवारी सुटी असते, त्या नोकरदारांना तेवढी फट होती. ती बुजली. कर्मचाऱ्यांना दोन दिवस सुटी मिळू नये, असे म्हणण्याचा हेतू नाही. त्यांतले कित्येक जण स्वतः टिटवाळा-बदलापूरहून येतात. पण सगळ्यांची सुटी एकाच दिवशी का, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

राहता राहिला रविवार. त्याच दिवशी मेगाब्लॉक, त्याच दिवशी सोसायटीची सभा, त्याच दिवशी आठवड्याचे कपडे आणि सासरी-माहेरी जाणे.

म्हणून मग दाखल्यातले नावाचे एक अक्षर दुरुस्त करायचे, तर एक रजा अर्ज द्यायला, दुसरी ‘साहेब साइटवर गेलेत’ हे ऐकायला आणि तिसरी कागद घ्यायला. रोजंदारीवर किंवा कंत्राटी नोकरीत असलेल्याला या तीन रजा म्हणजे तीन दिवसांचा पगार.

रात्री उघडे असलेले एकच कार्यालय

या गावांत रात्री दहापर्यंत दिवा लागलेले एक ठिकाण असते, नगरसेवकाचे संपर्क कार्यालय. गाडीतून उतरून घरी जाता जाता माणूस तिथे डोकावतो. पाणी कमी दाबाने येते, गटार तुंबले, आईच्या दाखल्याला सही हवी. तिथे चहा मिळतो, फोन लावला जातो आणि पुष्कळदा काम होतेही.

यात चांगले काय आहे ते उघड आहे. वाईट असे, की जे काम हक्काने पालिकेच्या खिडकीवर व्हायला हवे, ते ‘दादांनी करून दिले’ या खात्यावर जमा होते. नागरिकाचा कार्यकर्ता आणि हक्काचा उपकार असा होतो. उपनगरांतल्या राजकारणात वाढदिवसांचे फलक इतके का लागतात, याचे थोडे उत्तर इथे सापडते.

त्यातही कल्याण-डोंबिवलीत महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. माजी नगरसेवकांचे दिवे सुरू राहिले, पण त्यांच्या शब्दाला सभागृहातले बळ नव्हते. दिवसभर गावाबाहेर असणाऱ्यांची ती एकमेव खिडकीही पाच वर्षे अर्धी मिटलेली होती.

‘मग हे लोक मतदानाला का उतरत नाहीत?’ हा टोमणा ठरलेला आहे आणि तो पूर्णपणे खोडता येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कल्याण मतदारसंघात जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले, आणि तो सोमवार सुटीचा होता. जिथे आपण फक्त झोपायला येतो, ते गाव आपले वाटायला वेळ लागतो हे खरे. पण तीस-तीस वर्षे राहिल्यावर ही सबब चालत नाही.

ऑनलाइनने प्रश्न सुटला का?

काही अंशी सुटला. वीजबिल, मालमत्ता कर, लोकलचा पास यांसाठी आता रांग लागत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानंतर अनेक दाखल्यांचे अर्ज घरबसल्या करता येतात. पण अर्ज अडला, की पुन्हा माणसाकडेच जावे लागते. आणि काही गोष्टी मोबाइलवर दिसत नाहीत.

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींचे उदाहरण ताजे आहे. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून या बांधकामांना महारेराची नोंदणी मिळवली गेली. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले, आणि कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर येण्याची वेळ आली. ‘घर घेताना कागद तपासायला नको होते का?’ असे त्यांना अनेकांनी ऐकवले. नोंदणी संकेतस्थळावर तपासता येत होती आणि तिथे ती होतीही. बनावट निघाला तो पालिकेचा कागद. तो पडताळायला नगररचना विभागात जावे लागते, कामाच्या दिवशी आणि कामाच्या वेळेत. फसवणारे दोषी आहेतच. पण पडताळणीची खिडकी खरेदीदाराच्या वेळेत कधी उघडीच नसेल, तर त्याला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही.

यात लोकलचा संबंध कुठे येतो?

मुळाशीच येतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दाराशी लटकलेले प्रवासी गाडीतून पडले, त्यात जीव गेले. त्यानंतर चर्चा झाली ती बंद होणाऱ्या दारांची. दारे हवीतच. पण सगळे त्याच अर्ध्या तासात त्याच गाडीला का लटकतात, याचे उत्तर हजेरीच्या वेळेत आहे. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या वेळा दोन टप्प्यांत विभागल्या आणि इतर कार्यालयांनाही तसे करण्याचे आवाहन केले. बहुतेकांनी ते कानाआड केले. सकाळच्या साहेबाच्या घड्याळाने गाडी भरते, संध्याकाळच्या साहेबाच्या घड्याळाने गावातली खिडकी बंद होते.

काय करता येईल?

सगळी कार्यालये रात्रभर उघडी ठेवा, अशी मागणी नाही. प्रभाग कार्यालय आठवड्यातून दोन दिवस दुपारी एक ते रात्री साडेनऊ चालवावे. तलाठी आणि तहसीलमध्ये शनिवारी निम्म्या कर्मचाऱ्यांची पाळी ठेवावी, त्यांना बदली सुटी सोमवारी द्यावी. नगररचना विभागाने महिन्यातला एक शनिवार फक्त घरखरेदीची कागदपत्रे पडताळून देण्यासाठी राखावा.

हे अशक्य म्हणणाऱ्यांनी नोंदणी विभागाकडे पाहावे. मुंबई-पुण्यात काही दुय्यम निबंधक कार्यालये दोन पाळ्यांत आणि सुटीच्या दिवशीही चालवली गेली आहेत. तिथे मुद्रांक शुल्क जमा होते, म्हणून सोय सुचली असावी. जानेवारीत निवडून आलेल्या नगरसेवकांना पाणी आणि रस्त्यांइतका यात खर्चही नाही. रात्री दहापर्यंत आपले कार्यालय कसे चालवायचे, हे त्यांना कोणी शिकवायलाही नको.