विश्लेषण : राईस मिलच्या धुराड्यातून वीज मिळेल का?

भंडारा : धानाच्या या जिल्ह्यात उष्णा तांदूळ तयार करणाऱ्या मिल तूस जाळून वाफ करतात. बॉयलरच्या धुराड्यातून साधारण 200 अंश सेल्सिअसचा धूर बाहेर पडतो. ही उष्णता पकडून वीज देणारी छोटी यंत्रे उपलब्ध आहेत. मिलमालकाने त्यात पैसा घालावा का?

वीज कशी तयार होते?

‘ऑरगॅनिक रँकिन सायकल’ या पद्धतीत पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरतात. धुराच्या उष्णतेने त्याची वाफ होते, तिच्यावर टर्बाइन फिरते. नंतर वाफ थंड होऊन पुन्हा द्रव होतो.

अडचण कुठे?

तापमानात. स्पंज आयर्नच्या भट्टीतील वायू सुमारे 900 अंशांचा असतो. त्यामुळे अशा कारखान्यांत मेगावॉटमध्ये वीज मिळते. 200 अंशांच्या उष्णतेचे निसर्गनियमानुसार जास्तीत जास्त 35 टक्केच विजेत रूपांतर होऊ शकते. छोट्या यंत्रात प्रत्यक्षात 8 ते 10 टक्केच हाती लागते. ताशी दोन टन वाफेच्या बॉयलरवर हा हिशेब पाच-सात किलोवॉटच्या पुढे जात नाही.

मग पर्याय काय?

अनेक ठिकाणी बॉयलरमध्ये 10 बार दाबाची वाफ तयार होते, पण धान उकडायला दोन बारची पुरते. मधला दाब व्हॉल्व्हमध्ये वाया जातो. व्हॉल्व्हच्या जागी छोटे ‘बॅक प्रेशर’ टर्बाइन बसवल्यास त्याच दोन टन वाफेतून सुमारे 60 किलोवॉट वीज मिळू शकते. त्यासाठी थोडे जास्त तूस लागेल. वाळवणीला जास्त दाबाची वाफ लागत असेल, तर वीज कमी मिळेल.

परवडेल का?

वर्षाला 150 दिवस, रोज 12 तास आणि युनिटला आठ रुपये धरले, तर धुराड्याच्या यंत्रातून सुमारे 86 हजार रुपयांची वीज मिळेल. टर्बाइनमधून साडेआठ लाखांची. हंगाम संपला की दोन्ही बंद. विदर्भातील उद्योगांसाठी राज्य सरकारने 2016 मध्ये वीजदर सवलत जाहीर केली होती. वीज जितकी स्वस्त, तितकी यंत्राची किंमत वसूल व्हायला वेळ जास्त.

धुराड्यातील उष्णतेचे काय?

तिची वीज करण्यापेक्षा बॉयलरचे पाणी आधीच तापवणे जास्त किफायतशीर. त्यात उष्णतेचा मोठा भाग थेट कामी येतो आणि तूस वाचते. यंत्र विकायला येणाऱ्याला म्हणूनच मिलमालकाने पहिला प्रश्न विचारावा : माझा धूर किती अंशांचा, आणि मिल वर्षातून किती तास चालते?