मिठाचा हिशेब कोण विचारणार?

सरकारची तिजोरी भरली म्हणजे प्रजेचे घर भरले, असे समजण्याची खोड राज्यकर्त्यांना फार जुनी आहे. अंदाजपत्रक मांडले जाते, शिल्लक दाखविली जाते, बाके वाजतात. पण ही शिल्लक कोणाच्या चुलीवरून उचलून आणली, हे विचारावयास कोणी उठत नाही. सभागृहात असा एक जरी माणूस उठला तरी काय घडू शकते, हे पाहावयाचे असेल तर १९०२ सालाकडे वळले पाहिजे.

त्या वर्षी २६ मार्च रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा झाली. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते. सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती आणि शिल्लकीचे ते लागोपाठ चौथे वर्ष होते. अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ यांचे अभिनंदन होत असता मुंबई इलाख्यातून नव्याने गेलेले ३५ वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले आणि या अभिनंदनात आपणांस सामील होता येत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले.

त्यांचा युक्तिवाद सरळ होता. रुपयाचा भाव घसरत होता, विलायतेस धाडावयाच्या पौंडांसाठी अधिक रुपये मोजावे लागत होते, या सबबीवर कर वाढविण्यात आले. पुढे रुपया १६ पेन्सांवर स्थिर झाला. सबब सरली, कर मात्र उरले. तेव्हा ही शिल्लक भरभराटीची नव्हे, तर गरज संपल्यावरही चालू राहिलेल्या वसुलीची होती. आणि ही वसुली कोणत्या काळातली? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांची, प्लेगने घरेच्या घरे ओस पाडली त्या काळातली!

गोखल्यांनी नेमके बोट ठेवले ते मिठावर. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. अडीच रुपये म्हणजे ४० आणे आणि मण म्हणजे ४० शेर. म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा सरकारचा. प्राप्तीवरील कर निदान तुमची मिळकत किती, हे तरी विचारतो. मिठावरील कर एवढेच विचारतो की, तुम्ही जेवता की नाही? सावकाराच्या पंक्तीला आणि मजुराच्या कोरड्या भाकरीला त्याचा दर एकच. किंबहुना ज्याच्या भाकरीबरोबर दुसरे काही नाही, त्यालाच मीठ अधिक प्यारे.

आता या सभासदाच्या हाती बळ तरी किती होते? १८९२ च्या कायद्याने त्याला अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण उत्तर आल्यावर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. बहुमत तर कायमचे सरकारचेच. असे असताही १९०३ साली मिठावरील कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एका रुपयावर. शेरामागे आण्याचा कर अर्ध्याहून खाली गेला. प्राप्तिकराची माफीही १९०३ साली वार्षिक ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली. हे सारे एका भाषणाने झाले, असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रीय सभेची ही मागणी जुनी होती आणि तिजोरीत पैसाही होता. पण सरकारच्याच आकड्यांतून घराघरांतला हिशेब वर्षानुवर्षे वाचून दाखविणारा माणूस समोर उभा होता, आणि त्याला उत्तर देणे सरकारला जड गेले, हे खरे आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले. १९१६ साली महायुद्धाच्या खर्चापायी मिठावरील कर सव्वा रुपया झाला. १९२३ साली तर विधिमंडळाने नाकारला असताही व्हाइसरॉयने विशेषाधिकार वापरून तो पुन्हा अडीच रुपयांवर नेला. १९३० साली लोकांना शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह करावा लागला आणि हा कर अखेर उठला तो १९४७ साली. सभागृहातला प्रश्न आणि रस्त्यावरचा सत्याग्रह ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत.

सीमाभागाने हा धडा गिरविण्याची आज निकड आहे. २०२२ च्या जुलैत वेष्टनात बांधलेल्या, नावाची चिठ्ठी लावलेल्या पिठावर आणि दह्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर बसला. हे दर ज्या परिषदेत ठरतात, तीत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो आणि त्या मंत्र्याला जाब विचारणे हे आमदाराचे काम. परंतु २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार कर्नाटक विधानसभेत गेला नाही. अन्य पक्षांतून मराठी माणसे गेली. पण पक्षादेशाने ज्याची जीभ बांधली, त्याने सीमावासीयांची बाजू किती मांडावी?

कोणी म्हणेल, ज्या राज्यात १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्हांला आमच्या मनाविरुद्ध घातले, त्याच्या विधानसभेत जावेच कशाला? आमचे उत्तर असे : महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, पण निकालाची वाट पाहत घरपट्टी थांबत नाही. गोखलेही परक्यांच्याच मंडळात बसले होते. तेथे बसल्याने त्यांनी स्वराज्याचा हक्क सोडला नाही.

आणखी एक गोष्ट. गोखल्यांना प्रश्न विचारता आला, कारण सरकारचे हिशेब त्यांना वाचता येत होते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरात कराची नोटीस कानडीत येऊन पडते, तेव्हा आकडा कळतो, पण तो कशाचा, हे कळत नाही. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे सरकारांनी स्वतःच मान्य केलेले तत्त्व आहे. मराठी कागदाची मागणी ही नुसती भावनेची बाब आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावे की, ज्याला कराचा कागद वाचता येत नाही, त्याला कराचा जाब विचारता येत नाही.

म्हणून सीमावासीयांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. कराचा प्रत्येक कागद मराठीत मागावा, लेखी मागावा, आणि मिळेपर्यंत मागत राहावा. आणि पुढील निवडणुकीस दुफळी गाडून एकच उमेदवार उभा करावा. बहुमत आपले नसेल. गोखल्यांचेही नव्हते. पण आपल्या मिठाचा हिशेब विचारणारा माणूस तेथे असलाच पाहिजे. दुसरे कोणी तो आपल्यासाठी विचारणार नाही.