शिरोरेषा अजून सरळ आहे

प्रति,
सामाजिक न्याय विभाग, आरोग्य विभाग, महापालिकांचे आयुक्त आणि ज्येष्ठांची दिवसभराची केंद्रे चालवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त यांस,



माझे वडील, आप्पा, कोल्हापुरात पेंटर होते. 40 वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. खडू लावलेला दोरा ताणून फळीवर सोडायचा, रेघ उमटली की तिच्यावर शिरोरेषा ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचं, असा त्यांचा क्रम. सहा वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. हल्ली ते मला कधी ओळखतात, कधी 'बाई, बोर्ड अजून तयार नाही' म्हणून परत पाठवतात.

आम्ही त्यांना ज्या केंद्रात सोडायचो तिथे बुधवारी ड्रॉइंगचा तास असे. बालवाडीतली रंगवायची पुस्तकं आणि मेणाचे तुटके खडू. आप्पांनी मोर लाल रंगवला. 'आजोबा, मोर निळा असतो की!' तिथल्या ताई प्रेमानंच म्हणाल्या आणि त्यांनी कागद बदलून दिला. आप्पांनी खडू ठेवला तो ठेवलाच. पुढचे तीन आठवडे ते त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. ताईंचा दोष मला दिसत नाही. 24 माणसांमागे त्या आणि एक मावशी. हे काम कसं करायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मग मी घरून त्यांचे ब्रश नेले, प्लायवुडचा तुकडा नेला, आणि ते हल्ली काहीही तोंडात घालतात म्हणून बिनविषारी पोस्टर कलर नेला. आप्पांनी करंगळी टेकवली आणि एका दमात शिरोरेषा ओढली. सरळ. खाली क, म, र अशी वळणदार अक्षरं, पण शब्द एकही नाही. वाचता तर त्यांना आता येतच नाही. 45 मिनिटं ते जागचे हलले नाहीत. त्या संध्याकाळी 'घरी जायचंय' म्हणत दाराची कडी वाजवली नाही.

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो. हाताला बसलेलं वळण मेंदूच्या दुसऱ्या भागांत असतं, ते बराच काळ टिकतं. म्हणून चित्र काढून हा आजार बरा होतो असं मात्र नाही, आणि तसं सांगणाऱ्याला केंद्रात शिरू देऊ नका. 2018 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी चित्रोपचारावरचं संशोधन तपासलं, तेव्हा निकषांत बसणारे दोनच अभ्यास निघाले, मिळून 60 माणसांचे. त्यावरून ठाम काही म्हणता आलं नाही. संगीतोपचारावरच्या त्यांच्याच त्या वर्षीच्या आढाव्यात उदासी कमी होण्याची बरीच शक्यता दिसली. असे अभ्यास आपल्याकडेही व्हायला हवेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे.

पण आप्पांची स्मृती परत आणा असं मी म्हणतच नाही. त्यांचा तो एक तास चांगला जावा, एवढंच मागते आहे. अमेरिकेत मिल्वॉकीच्या एका वृद्धाश्रमात अ‍ॅन बास्टिंग यांनी 1990 च्या दशकात 'आठवा पाहू' म्हणणं सोडून दिलं. त्या एक चित्र दाखवायच्या, इथे काय चाललंय ते विचारायच्या आणि जे उत्तर येईल ते लिहून घ्यायच्या. त्यात चुकीचं उत्तरच नसतं. लाल मोराला तिथे जागा मिळाली असती.

म्हणून आधी प्रवेशाचा अर्ज बदला. आजार कोणता, गोळ्या कोणत्या, डायपर लागतो का, एवढंच त्यात विचारतात. हे हात आयुष्यभर काय करत होते, तेही विचारा. कुणी गोधड्या शिवल्या असतील, कुणी गणपती रंगवले असतील, कुणी भजनाला पखवाज धरला असेल. ज्याचं त्याचं साहित्य त्याच्यापुढे ठेवा, मोठ्या माणसांचं. ताईंना प्रशिक्षण द्या आणि त्या तासासाठी वेगळा पगारी माणूस नेमा; माझ्या पाहण्यातल्या केंद्रांत हा खर्च 'किरकोळ'मध्ये जातो. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा कक्ष धरलेला आहे. त्या खाटांशेजारी एक टेबलही धरा.

आणि स्पर्धा नकोत, प्रदर्शनं नकोत. 21 सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, भिंतीवर चित्रं लागतात, पाहुण्यांबरोबर फोटो निघतात. 22 तारखेला टेबल पुन्हा अडगळीत.

आप्पांचा तास आता गुरुवारी तीन ते चार असतो. आपल्यापैकी कुणी आलात तर फोटोग्राफर आणू नका. शेजारच्या खुर्चीत बसा. ते तुम्हाला दुकानदार समजतील आणि बोर्डावर नाव काय घालायचं ते विचारतील. नाव सांगा.

आपली,
एका पेंटरची मुलगी, कोल्हापूर