तेल नदीत जाण्याआधीची तयारी

गोड्या पाण्यात तेल सांडले की हाताशी वेळ फार थोडा उरतो. ओढ्यात पडलेले तेल प्रवाहाबरोबर लगेच चालू लागते आणि खालच्या अंगाला वस्ती असते. म्हणून तेलवाहिनी चालवणाऱ्या कंपनीची खरी परीक्षा पहिल्या काही तासांतच होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एन्ब्रिज कंपनी या परीक्षेत सपशेल नापास झाली.

२५ जुलै २०१० रोजी संध्याकाळी मार्शल गावाजवळ कंपनीची तीस इंच व्यासाची ‘लाइन ६ बी’ ही तेलवाहिनी फाटली. कॅनडातील एडमंटनच्या नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे येत राहिले. वाहिनीत पोकळी झाली असावी, असा अर्थ लावून कर्मचाऱ्यांनी पंप दोनदा पुन्हा सुरू केले. एकूण सांडलेल्या तेलापैकी सुमारे ८१ टक्के तेल याच दोन वेळांत बाहेर पडले. रात्री रहिवाशांनी वासाची तक्रार केली. अग्निशमन दल येऊन गेले, पण त्यांना गळती सापडली नाही. सतरा तासांनी कंपनीला खबर मिळाली, तीही दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या माणसाकडून. दाबातील बिघाडाचा उलगडा दहा मिनिटांत झाला नाही तर वाहिनी बंद करावी, असा नियम कंपनीकडे होता. १९९१ मधील मिनेसोटाच्या गळतीनंतर तो केला गेला होता. नियम असूनही पंप चालू झाले, हा सर्वांत गंभीर दोष होय.

सुमारे ३२ लाख लिटर तेल टॅल्मेज ओढ्यातून कॅलमझू नदीकडे गेले. सुरुवातीला आलेल्या मोजक्या कामगारांनी दूर खाली तरंगते अडथळे टाकले. गळतीच्या जागेजवळची मोरी अडवणे जास्त उपयोगी ठरले असते. मोरीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून त्यात तिरका पाइप बसवला की तळचे पाणी निघून जाते आणि तेल वर अडून राहते. त्यासाठी लागते ते प्रशिक्षण, आणि तेच नव्हते. शिवाय हे तेल पातळ केलेले बिटुमेन होते. पातळ करणारे द्रव्य उडून गेल्यावर जड भाग तळाशी बसला. तेथे तरंगत्या अडथळ्यांचा काय उपयोग? गाळ उपसणे पुढे काही वर्षे चालले आणि खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला.

कंपनीचा आपत्कालीन आराखडा सरकारने मंजूर केलेला होता. अशा सुमारे साडेचारशे आराखड्यांच्या तपासणीसाठी संबंधित विभागाकडे जेमतेम दीड पदाचे मनुष्यबळ होते. ही मंजुरी म्हणजे लोकांची फसवणूक होती.

तयारी आहे असे म्हणायचे तर कक्षातील कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता पंप थांबवता आले पाहिजेत. जागेवर जाऊन कोणी पाहिल्याशिवाय ते पुन्हा सुरू होता कामा नयेत. वाहिनी कुठून जाते आणि तिच्यातून काय वाहते, हे स्थानिक अग्निशमन दलाला आधीच ठाऊक हवे. तालीम पूर आलेल्या ओढ्यावर, पूर्वसूचना न देता आणि तपासनिसांसमोर व्हावी. तिच्यात नापास होणाऱ्या कंपनीची वाहिनी त्रुटी दूर होईपर्यंत बंद ठेवावी.